सायकल ‘वॉक’ करायची म्हणजे चालवायची की नाही?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना कॅम्पसवर किंवा एखाद्या बागेच्या वाटेवर एक पाटी दिसते, ‘वॉक युवर बाइक’. बाइक म्हणजे तिकडे साधी सायकल. वॉक म्हणजे चालणे हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, आणि एखाद्या गोष्टीला चालायला लावायचं म्हणजे मराठीत चालवणे, त्यामुळे पाटीचा सरळ मराठी अर्थ काढला तर ‘सायकल चालवा’ असा निघतो. पाटीला म्हणायचंय ते बरोबर उलटं: खाली उतरा, हँडल हातात धरा आणि सायकल ढकलत पायी जा. चालवू नका!

आता बातम्यांकडे या. विरोधकांनी सभागृहातून वॉकआउट केला, बॅडमिंटनपटूला वॉकओव्हर मिळाला, सुनीता विल्यम्स यांनी स्पेसवॉक केला, अमुक कंपनीत वॉक-इन इंटरव्ह्यू आहेत, रॅम्प वॉकला कोण होतं, आणि ही मॅच म्हणजे केकवॉक ठरली. शब्द एकच, पण पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात फुकटचा विजय आहे आणि तिसऱ्यात तर पाय कुठे टेकतच नाहीत. वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच, आणि त्यात वाचणाऱ्याचा काही दोष नाही. शाळेत आपल्याला वॉक म्हणजे चालणे एवढंच सांगून पुढचा शब्द घेतला जातो. खरं तर हा शब्द नीट उलगडून दाखवला तर इंग्रजी कशी चालते याचा अर्धा धडा त्यातच मिळतो, म्हणून हा लेख.

सुरुवातीला या शब्दाचा पायांशी संबंधच नव्हता

साधारण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप ‘वेआल्कन’ असं काहीसं होतं आणि त्याचा अर्थ होता लोळणे, घोळणे, उसळणे. समुद्राच्या लाटांसाठी तो वापरायचे. पायी जाण्याला तेव्हा वेगळे शब्द होते. तेराव्या शतकाच्या आसपास मात्र हा शब्द इकडेतिकडे हिंडणे आणि मग पायी जाणे या अर्थाने लिहिलेला दिसायला लागतो आणि हळूहळू जुना अर्थ मागे पडून पार नाहीसा होतो.

लोळण्यापासून चालण्यापर्यंत कसं काय पोचले असं वाटत असेल तर आपला ‘फिरणे’ हा शब्द बघा. चाक फिरतं, पंखा फिरतो, आणि आजोबा संध्याकाळी फिरायला जातात. गोल गरगरणं आणि पायी हिंडणं, दोन्ही आपण एकाच क्रियापदात इतक्या सहज बसवतो की कधी खटकत पण नाही. इंग्रजीतला शब्द नेमका याच वाटेने गेलाय. म्हणून मला विचाराल तर ‘गोइंग फॉर अ वॉक’ला मराठीत सगळ्यात जवळचं ‘फिरायला जाणे’ हेच आहे, ‘चालायला जाणे’ नाही.

याच्या मुळाशी गोल वळणे या अर्थाचा एक फार जुना धातू आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि संस्कृतातलं वलय, आपलं वळणे, हे पण त्याच धातूकडे नेलं जातं. म्हणजे वॉक आणि वळण हे दूरचे का होईना पण नातेवाईक निघतात.

जुन्या अर्थाची एक खूण मात्र अजून जिवंत आहे, ती आडनावात. वॉकर हे आडनाव ऐकून खूप चालणारा पूर्वज डोळ्यासमोर येतो, पण वॉकर म्हणजे लोकरीचं कापड पाण्यात घालून तुडवणारा कारागीर. नुकतं विणलेलं लोकरी कापड सैल असतं, ते तुडवून तुडवून घट्ट करावं लागायचं. याच कामाला इंग्लंडच्या उत्तरेकडे वॉकर, दक्षिण आणि पूर्वेकडे फुलर आणि नैऋत्येकडे टकर म्हणायचे, तिन्ही आज आडनावं आहेत. आणि जर्मन भाषेत ‘वाल्कन’ म्हणजे आजही कापड किंवा कातडं तुडवणे, मळणे हाच अर्थ आहे.

एका शब्दाला इतके अर्थ फुटतात कसे?

याला भाषाशास्त्रात अनेकार्थता म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाचे अनेक अर्थ, पण ते एकमेकांतून निघालेले. ही अट महत्त्वाची आहे, कारण दुसरा एक प्रकार असतो जिथे दोन वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे ऐकू येतात. घराण्यासारखंच आहे हे: काही जण सख्खे-चुलत असतात, आणि काही नुसते आडनावबंधू, जोशी हे पण आणि जोशी ते पण, पण नातं काही नाही. चालण्याशी संबंधित दुसरा शब्द घ्या, स्टेप. त्याचा अर्थ पाऊल आणि पायरी, हे दोघे सख्खे. पण सावत्र आईला इंग्रजीत स्टेपमदर म्हणतात त्यातला स्टेप हा पावलाचा कोणीच लागत नाही, तो पोरकं होणे या अर्थाच्या एका वेगळ्याच जुन्या शब्दातून आलाय.

वॉकचे सगळे अर्थ मात्र एकाच घरातले आहेत. चालणं ही क्रिया डोळ्यासमोर आणा. माणूस स्वतःच्या पायाने जातो. धावत नाही, सावकाश जातो. एका जागेवरून निघून दुसरीकडे जातो. कुणाला सोबत नेऊ शकतो. आणि कुठल्यातरी वाटेवरून जातो. आता यातलं एकच अंग पकडायचं आणि बाकीची सोडून द्यायची, की नवा अर्थ तयार. कुठलं अंग पकडलंय ते ओळखता आलं तर पाठांतराची गरज बरीच कमी होते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढची उदाहरणं त्याच नजरेने बघा.

सायकल, कुत्रा आणि कपाट

इथे सोबत नेण्याचं अंग पकडलंय. वॉक द डॉग म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणे. ‘आय विल वॉक यू होम’ म्हणजे तुला घरापर्यंत सोडायला चालत येतो. सायकल वॉक करणे म्हणजे तिला आपल्या बाजूने आपल्या चालीने नेणे. आपल्याकडे अशा वेळी क्रियापदाचं रूपच बदलतं: चालणे-चालवणे, फिरणे-फिरवणे. इंग्रजीत रूप तेच राहतं, फक्त पुढे कोणाला ते येतं. आणि मराठीत ‘चालवणे’ने यंत्र हाकणे हा अर्थ कधीच घेऊन टाकलाय, म्हणून पाटीचा अर्थ उलटा होतो.

जड कपाट सरकवायचं असेल तर आपण ते एका कोपऱ्यावर टेकवून दुसरा कोपरा पुढे घेतो, मग हा टेकवून तो पुढे. इंग्रजीत याला पण वॉकच म्हणतात, कारण ते कपाट खरोखर डावा-उजवा पाय टाकल्यासारखं पुढे जातं. वॉशिंग मशीन स्पिनच्या वेळी थरथरत जागेवरून सरकतं ते पण वॉक. आणि ब्रिटिश बोलीत ऑफिसमधलं पेन, कॉमन किचनमधला कप ‘वॉक’ झाला म्हणजे कोणीतरी उचलून नेला. हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही, आपल्याकडे पण वस्तूंना पाय फुटतात!

उठून निघून जाणं

आता निघून जाण्याचं अंग. वॉकआउट म्हणजे सभात्याग, कामगारांनी केला तर काम सोडून बाहेर पडणे. डीलमधून वॉक अवे केलं म्हणजे सौदा सोडून दिला. अमेरिकन कोर्टाच्या बातमीत ‘ही वॉक्ड’ एवढे दोनच शब्द असले तरी अर्थ होतो आरोपी सुटला, कोर्टाच्या दारातून स्वतःच्या पायाने मोकळा बाहेर पडला. या सगळ्यात पायाला महत्त्व नाही, मर्जीला आहे, आपण आपल्या इच्छेने किंवा मोकळेपणाने जातोय हे त्यात सांगितलंय.

क्रिकेटमधला वॉक मला या सगळ्यांत जास्त आवडतो. बॅटला कट लागून कॅच गेला आहे हे बॅट्समनला स्वतःला माहिती आहे, अंपायरच्या निर्णयाची वाट न बघता तो पॅव्हेलियनकडे चालू लागतो, याला वॉक करणे म्हणतात. मार्च २००३ मध्ये वर्ल्ड कपच्या सेमी-फायनलला पोर्ट एलिझाबेथला श्रीलंकेविरुद्ध अॅडम गिलख्रिस्टने हे केलं, अरविंद डिसिल्वाच्या बॉलवर, आणि अंपायर रूडी कर्टझन यांनी नॉट आउट म्हणून मान हलवलेली असताना केलं. २०११ च्या वर्ल्ड कपला चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध सचिन तेंडुलकर २ रन्सवर असाच निघून गेला, तिथे पण अंपायरने बोट वर केलं नव्हतं. याच्या उलट २०१३ च्या अॅशेसमध्ये ट्रेंट ब्रिजला स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटची कड लागून बॉल स्लिपमध्ये क्लार्ककडे गेला, अंपायरने आउट दिलं नाही आणि ब्रॉड जागेवरून हलला नाही, त्यावर किती दिवस वाद चालला होता ते क्रिकेट बघणाऱ्यांना आठवत असेल. नियमाने ब्रॉडने काही चुकीचं केलं नव्हतं. तरी लोक चिडले, कारण क्रिकेटमध्ये वॉक या छोट्या शब्दात प्रामाणिकपणाचा अर्थ कधीच मुरलाय. मला वाटतं कुठल्याही खेळातल्या कुठल्याही शब्दाला इतका मोठा अर्थ क्वचितच मिळाला असेल.

धावावं लागलं नाही, म्हणजे सोपं

चालणं हे धावण्यापेक्षा सोपं, हे अंग पकडलं की वॉकओव्हर समजतो. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. शर्यतीला एकच घोडा उरला, बाकीच्यांनी माघार घेतली, तरी बक्षीस हवं असेल तर त्या घोड्याला ट्रॅकवरून एकदा जावं लागायचं. पण हरवायलाच कोणी नाही तर पळवायचा कशाला? नुसता चालवत न्यायचा. तिथून हा शब्द बाकीच्या खेळांत आला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या फायनलला अमेरिकेच्या कार्पेंटरने ब्रिटनच्या हॅल्सवेलला अडवलं असं ठरवून त्याला बाद केलं, फायनल पुन्हा घ्यायचं ठरलं, तर उरलेले दोन अमेरिकन धावपटू आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटाच धावला आणि गोल्ड घेऊन गेला. रेकॉर्डमध्ये त्याला वॉकओव्हर म्हणतात, जरी तो खरोखर धावला होता.

बेसबॉलमध्ये पिचरने चार बॉल ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, तिथे धावत जायची गरज नाही म्हणून तो पण वॉक.

केकवॉकवर मात्र थोडं थांबायला हवं. अमेरिकेच्या दक्षिण भागात मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये हा नाच सुरू झाला. गोऱ्या मालकांच्या नाचातला डौल आणि ताठा हे लोक नकलेत उतरवायचे, आणि सगळ्यात चांगल्या जोडीला केक बक्षीस मिळायचा. मालक लोक बघायला बसायचे, आपलीच नक्कल चालली आहे हे त्यातल्या अनेकांच्या लक्षात येत नसे असं म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा नाच स्टेजवर गेला, युरोपपर्यंत पोचला, आणि त्याचं नाव मात्र अगदी सोपी गोष्ट या अर्थाने भाषेत उरलं. ज्यांनी तो नाच घडवला त्यांचं जगणं सोपं सोडून बाकी सगळं होतं. हा शब्द वापरूच नये असं मी म्हणणार नाही, पण तो कुठून आला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चालायची जागा

काही वेळा क्रियेचं नाव जागेलाच मिळतं. मुंबईतले स्कायवॉक आपल्याला माहीतच आहेत, एमएमआरडीएने वांद्रे स्टेशनचा पहिला २००८ मध्ये सुरू केला. कॅटवॉक आधी जहाजांवरच्या आणि नाटकाच्या स्टेजवर छताजवळ असलेल्या अरुंद फळीवाटेला म्हणायचे, मांजरच जाऊ शकेल इतकी चिंचोळी, मग फॅशन शोची चिंचोळी स्टेज तेच नाव घेऊन बसली आणि पुढे त्यावरून चालण्याची ती ठरावीक ढब पण कॅटवॉक झाली. ब्रिटनमध्ये पोस्टमनच्या रोजच्या ठरलेल्या फेरीला पण वॉक म्हणतात.

आणि रोपवॉक. जहाजांना लागणारे लांबच लांब दोर वळायचे तर तेवढीच लांब जागा हवी, कारण दोर वळणारा माणूस धागे सोडत सोडत उलट्या पावली मागे मागे चालत जायचा. त्या जागेला रोपवॉक म्हणायचे. मुंबईत काळा घोडा परिसरात रोपवॉक लेन नावाची गल्ली आहे, तिथून जाताना हे आठवलं तर ती गल्ली वेगळीच दिसते.

पाय न टेकता चालणं

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, स्पेसवॉकमध्ये चालतात कुठे? कुठेच नाही. १८ मार्च १९६५ ला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव पहिल्यांदा यानाच्या बाहेर आला, साधारण १२ मिनिटं, एका दोरीला बांधलेला, तरंगत. बाहेर हवाच नसल्यामुळे त्याचा सूट इतका फुगला की परत आत शिरता येईना, शेवटी सूटमधली थोडी हवा सोडून देऊन तो आत आला. चालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, फक्त वाहनाच्या बाहेर पडून स्वतःच्या अंगाने वावरणं होतं, तेवढंच अंग पकडून वॉक शब्द चिकटला. नासाच्या भाषेत त्याला यानाबाहेरचं काम अशा अर्थाचं लांबलचक नाव आहे, पण बातमीत ते कोण लिहिणार. सुनीता विल्यम्स यांचे असे ९ स्पेसवॉक झालेत, नववा जानेवारी २०२५ मध्ये, सगळे मिळून ६२ तास ६ मिनिटं. आणि तिथे खरं काम हातांचं असतं, पकडून पकडून पुढे सरकायचं, पाय बहुतेक वेळा नुसते मागे येतात.

गणितातला रँडम वॉक तर याच्याही पुढचा, तिथे माणूसच नाही. गणितज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा प्रश्न विचारला: एखादा माणूस प्रत्येक पावलाला मनाला येईल त्या दिशेला वळला तर बऱ्याच पावलांनंतर तो मूळ जागेपासून किती लांब असेल? उत्तर आश्चर्याचं आहे. १०० पावलं टाकली तर तो साधारण १० पावलांच्या अंतरावर असतो, आणि १०,००० टाकली तर साधारण १०० पावलांच्या. म्हणजे पावलांच्या वर्गमूळाइतका. पाण्यात पसरणारा शाईचा थेंब, हवेत पसरणारा वास, या सगळ्याचं गणित याच पद्धतीने मांडतात, आणि शेअरचे भाव उद्या वर की खाली हे कालच्या भावावरून सांगता येत नाही असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ पण भावांच्या हालचालीला रँडम वॉकच म्हणतात.

“इंग्रजीच विचित्र भाषा आहे, आपलं बरं सरळ असतं”

असं बरेच जण म्हणतात, पण मराठी शिकणाऱ्या माणसाला विचारा! घड्याळ चालतं, दुकान चालतं, सिनेमा चालतो, नोट चालत नाही. चहा चालेल का, चालेल. गाण्याला चाल लावतात, बुद्धिबळात चाल खेळतात, शत्रूवर चाल करून जातात. काम चालू आहे हे चांगलं, पण माणूस चालू आहे हे वाईट. कुणाला ‘चल’ म्हटलं तर सोबत ये, आणि ‘चालता हो’ म्हटलं तर तोंड काळं कर.

फरक एवढाच आहे की आपण चालण्यातलं सुरू राहण्याचं अंग पकडलं आणि त्यावरून सगळा पसारा मांडला, इंग्रजीने ते काम धावण्याला दिलं. म्हणून आपलं दुकान चालतं आणि त्यांचा बिझनेस ‘रन’ होतो, आपलं मशीन चालतं आणि त्यांचं धावतं. यात चूक-बरोबर काही नाही. फक्त एका भाषेच्या चालण्याला दुसऱ्या भाषेचं चालणं जोडायला गेलं की अडकायला होतं.

“मग रोजच्या इंग्रजीत नेमकं काय सांभाळायचं?”

ऑफिसमध्ये कोणी ‘वॉक मी थ्रू इट’ म्हणालं तर त्याला कुठेही न्यायचं नाहीये, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक टप्पा समजावून सांगायचाय, सोबत नेण्याचंच अंग आहे हे. एखाद्या नेत्याने स्टेटमेंट ‘वॉक बॅक’ केलं म्हणजे शब्द फिरवला, पण एका झटक्यात माफी मागून नाही, हळूहळू पावलं मागे घेत, माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता वगैरे म्हणत. वॉक-इन म्हणजे अपॉइंटमेंट न घेता थेट आत या. ‘वॉक ऑफ लाइफ’ म्हणजे समाजातला थर किंवा पेशा, तिथे चालण्याची वाट हे अंग आहे.

आणि आपल्याकडे सर्रास बोललं जातं ते ‘आय केम बाय वॉक’. बाय बस, बाय ट्रेन म्हणतो तसं बाय वॉक, असा तो हिशोब असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण इंग्रजीत बायच्या पुढे वाहन येतं, आणि पाय हे त्यांच्या हिशोबाने वाहन नाही, म्हणून तिथे ‘ऑन फूट’ म्हणतात. त्याहून सोपं म्हणजे सरळ ‘आय वॉक्ड’ म्हणायचं, दोन शब्दांत काम होतं आणि कानाला पण ते जास्त नैसर्गिक लागतं.